सूक्ष्मजीवजन्य द्रव्ये आणि धातूंचे नॅनोकण : प्रस्तावना

धातूचे कण बारीक होत होत १ ते १०० नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागांत मोजाव्या लागणाऱ्या आकाराचे झाले, की त्या धातूचे रूप आणि वर्तन ही दोन्ही बदलतात. पाण्यात विखुरलेले सोने पिवळे न राहता माणकासारखे लाल दिसू लागते, चांदीला पिवळसर तपकिरी छटा येते, आणि एरवी निष्क्रिय मानला जाणारा धातू रासायनिक अभिक्रियांना गती देऊ लागतो. या बदलाचे एक मोठे कारण पृष्ठभागाच्या वाढीत आहे. १ सेंटीमीटर बाजू असलेल्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर भरतो, पण त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे घन केले तर त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो; म्हणजे एकूण धातू तेवढाच राहतो, परंतु त्याचे कितीतरी अधिक अणू उघड्यावर येतात आणि त्या प्रमाणात त्याची क्रियाशीलता वाढते. नॅनोकण किंवा अब्जांश कण या नावाने ओळखले जाणारे हे कण जंतुनाशक लेपांत, रोगनिदानाच्या संचांत, जलशुद्धीकरणात आणि अलीकडे पिकांच्या अन्नद्रव्यांतही वापरले जाऊ लागले आहेत. ते तयार करताना आणि वापरताना माती, पाणी व माणूस यांना अपाय होणार नाही याची खात्री कशी करावी, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे, आणि सूक्ष्मजीवांनी बनविलेल्या द्रव्यांच्या साहाय्याने होणारी निर्मिती हे त्याचे केंद्र आहे.

नॅनोकण निर्माण करण्याची प्रयोगशाळेतील वाट जुनी आहे. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या क्षारापासून लाल रंगाचे द्रावण बनवून, तो रंग अतिसूक्ष्म रूपातील सोन्यामुळेच येतो असे दाखविले. १९५१ मध्ये टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या क्षाराचे द्रावण सोडियम सायट्रेटबरोबर उकळून जवळपास एकसारख्या आकाराचे कण मिळविण्याची पद्धत मांडली, जी आजही विद्यार्थ्यांना शिकविली जाते. या सर्व पद्धतींत दोन कामे व्हावी लागतात. पहिले काम क्षपणाचे, म्हणजे धातूच्या धनभारित आयनाला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे अणूत रूपांतर करण्याचे. दुसरे आच्छादनाचे, म्हणजे तयार झालेल्या कणांभोवती एखाद्या द्रव्याचा थर देऊन ते एकमेकांना चिकटून मोठे गोळे बनणार नाहीत याची काळजी घेण्याचे. सायट्रेट ही दोन्ही कामे सौम्यपणे करते. परंतु आकारावर अधिक नियंत्रण हवे असेल, किंवा सायट्रेटला न जुमानणारा धातू असेल, तेव्हा सोडियम बोरोहायड्राइड व हायड्राझीन यांसारखी तीव्र क्षपणके आणि टोल्यूइनसारखी सेंद्रिय द्रावके वापरली जातात. ही रसायने हाताळणाऱ्याला धोका निर्माण करतात, शिवाय त्यांचा अवशेष कणांबरोबर राहिल्यास औषधात किंवा शेतात त्या कणांचा वापर करणे अवघड होते. पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वे मांडली, तेव्हापासून निरुपद्रवी द्रावक, कमी ऊर्जा आणि कमी टाकाऊ पदार्थ या कसोट्या नॅनोकणांच्या निर्मितीलाही लावल्या जाऊ लागल्या, आणि संशोधकांचे लक्ष सूक्ष्मजीवांकडे वळले.

धातूंशी व्यवहार करणे सूक्ष्मजीवांना नवीन नाही. चांदी, पारा, कॅडमियम यांचे आयन पेशीतील प्रथिनांच्या गंधकयुक्त गटांना जखडून त्यांचे काम बंद पाडतात. त्यामुळे अशा धातूंच्या सान्निध्यात टिकून राहणाऱ्या जिवाणूंना व बुरशींना त्या आयनांचे निरुपद्रवी रूपांतर करावे लागते, आणि विरघळलेल्या आयनाचे घन धातूत क्षपण करणे हा त्याचा एक मार्ग आहे. बेव्हरिज आणि मरे यांनी १९८० मध्ये बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या पेशीभित्तिकेत सोने साठते असे दाखविले, तर १९९९ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी चांदीच्या खाणीत सापडलेल्या स्यूडोमोनास स्टुटझेरी या जिवाणूच्या पेशीत २०० नॅनोमीटरपर्यंतचे चांदीचे स्फटिक तयार होतात असे प्रसिद्ध केले. स्वसंरक्षणासाठी घडणाऱ्या या क्रियेचा निर्मितीसाठी उपयोग करून घेता येईल, ही कल्पना या दोन्ही निरीक्षणांत बीजरूपाने होती.

ती कल्पना पद्धत म्हणून उभी करण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि मराठी वाचकाने तो आवर्जून जाणून घ्यावा असा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये व्हर्टिसिलियम या बुरशीच्या तंतूंत चांदीचे नॅनोकण तयार होतात असे दाखविले. हे कण बुरशीच्या पेशीतच अडकून राहत असल्याने ते वेगळे काढणे कठीण होते. पण पुढे फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीबाबत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात कण पेशीच्या बाहेर, द्रवातच, ५ ते १५ नॅनोमीटर आकाराचे तयार होतात असे आढळले, आणि बुरशीने द्रवात सोडलेली विकरे, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारी प्रथिने, हे काम करतात असे अनुमान पुढे आले. याच सुमारास पुण्याच्याच आगरकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर, मीनल कौशिक आणि पुणे विद्यापीठातील सुलभा कुलकर्णी यांच्या सहकार्यातून किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, साहाय्याने कॅडमियम सल्फाइडचे नॅनोकण बनविले गेले, आणि २००२ मध्ये त्यांपासून विद्युत डायोड तयार करण्यापर्यंत मजल गेली. चांदी सहन करणाऱ्या किण्वाकडून पेशीबाहेर चांदीचे कण मिळविल्याचे कामही याच गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केले. अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटाने बुरशीजन्य नॅनोकणांचा रोगकारक बुरशींवरील व जिवाणूंवरील परिणाम तपासला, आणि पुणे विद्यापीठात बाळू चोपडे यांच्या मार्गदर्शनाखाली अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जिवाणूपासून मिळविलेले चांदीचे कण प्रतिजैविकांच्या जोडीने दिल्यास त्यांचा प्रभाव वाढतो असे २०१३ मध्ये दाखविले गेले.

यांपैकी फ्युजॅरियमचे उदाहरण, ज्याला डोळ्यांपुढे ठेवून हा ग्रंथ लिहिला आहे त्या मराठवाड्यातील परभणी जिल्ह्याच्या वाचकाला सर्वांत जवळचे वाटावे असे आहे. हरभऱ्याच्या पिकात उभी झाडे अचानक माना टाकतात, खोड मधोमध चिरले तर आतला भाग तपकिरी काळा दिसतो, आणि सुकलेल्या झाडांचे ठिपके पाहता पाहता शेतभर पसरतात. शेतकरी ज्याला मर म्हणतात त्या या रोगाची बुरशी फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम याच जातीचा एक प्रकार आहे. जमिनीत वर्षानुवर्षे तग धरणारी, मुळांतून शिरून झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करणारी ही जात जी प्रथिने द्रवात सोडते, तीच चांदीच्या आयनांना धातूचे रूप देऊ शकतात. तिच्यावर मात करण्यासाठी बीजप्रक्रियेत वापरली जाणारी ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशीही चांदीचे नॅनोकण बनवू शकते असे पुढील संशोधनात दिसून आले. म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावरील शत्रू आणि मित्र या दोघांच्याही अंगी हे सामर्थ्य आहे, आणि त्यांतून कोणाची निवड करावी हा प्रश्न सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

याच टप्प्यावर सूक्ष्मजीव आणि सूक्ष्मजीवजन्य द्रव्य यांतील भेद समोर येतो, आणि या ग्रंथाचा भर दुसऱ्यावर का आहे हेही स्पष्ट होते. जिवंत पेशींना धातूच्या क्षारात ठेवले तर कण तयार होतात खरे, पण अनेकदा पेशी फोडून ते वेगळे काढावे लागतात, पेशींच्या वाढीच्या अवस्थेनुसार त्यांचा आकार बदलतो, आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर किंवा स्यूडोमोनास एरुजिनोसा यांसारख्या संधिसाधू रोगजंतूंचा वापर करायचा असेल तर उत्पादनात एकही जिवंत पेशी उरणार नाही याची हमी द्यावी लागते. त्याउलट सूक्ष्मजीव वाढवून, गाळून, त्यांनी द्रवात सोडलेले एखादे विशिष्ट द्रव्य शुद्ध करून घेतले तर धातूशी होणारी अभिक्रिया पेशीविरहित होते, तिचे प्रमाण मोजून ठरविता येते आणि तीच अभिक्रिया दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहता येते. अशा द्रव्यांचे ढोबळमानाने चार वर्ग पडतात. पहिला विकरे व इतर प्रथिने यांचा. दुसरा पेशीबाह्य बहुशर्करांचा, म्हणजे अनेक शर्करारेणू साखळीने जोडून बनलेल्या चिकट द्रव्यांचा, ज्यांत डेक्स्ट्रान, लेव्हान, झँथन यांचा समावेश होतो. तिसरा जैविक पृष्ठक्रियाकारकांचा, म्हणजे साबणाप्रमाणे पाण्याचा पृष्ठताण कमी करणाऱ्या द्रव्यांचा. आणि चौथा सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यांचा. डेक्स्ट्रान साखर कारखान्यातील मंडळींना नकोशा रूपात परिचित आहे, कारण तोडणीनंतर ऊस रखडला की ल्यूकोनोस्टॉक जिवाणू रसातील साखरेपासून ते बनवितात आणि रस बुळबुळीत होऊन साखरेचा उतारा घटतो. पण हेच द्रव्य नॅनोकणांभोवती टिकाऊ आवरण म्हणून उत्तम काम देते.

जैविक पृष्ठक्रियाकारकांचा वर्ग या सर्वांत विशेष अभ्यासला गेला आहे. बॅसिलस सबटिलिसपासून मिळणारे आणि १९६८ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णन केले गेलेले सर्फॅक्टिन पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे ७२ मिलीन्यूटनवरून सुमारे २७ मिलीन्यूटनपर्यंत खाली आणते. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला आणि दुसरे स्निग्धाला धरून राहते, त्यामुळे ते कणाच्या पृष्ठभागावर बसून त्याला पाण्यात तरंगते ठेवू शकते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अस्मिता प्रभुणे, बी. एल. व्ही. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोफोरोलिपिड या द्रव्यावर केलेले काम या ग्रंथाच्या विषयाचे आदर्श उदाहरण म्हणता येईल. कँडिडा बॉम्बिकोला हे किण्व ग्लुकोज आणि ओलिक आम्लासारखे स्निग्धाम्ल यांच्यावर वाढविले असता ते शर्करेचे डोके आणि स्निग्धाम्लाची शेपटी असलेले हे द्रव्य तयार करते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात सोफोरोलिपिडचे आवरण देऊन पाण्यात स्थिर राहणारे कोबाल्टचे नॅनोकण मिळविण्यात आले, आणि त्यानंतर चांदीच्या बाबतीत तापमान व सोफोरोलिपिडची रचना यांचा कणांच्या आकारावर काय परिणाम होतो हे तपासण्यात आले. या दोन धातूंमधील फरक बारकाईने पाहण्याजोगा आहे. चांदीचा आयन सहज क्षपित होतो, म्हणून तेथे सोफोरोलिपिडला क्षपण आणि आच्छादन अशी दोन्ही कामे करता येतात. कोबाल्टचा आयन तसा सहज क्षपित होत नाही, म्हणून तेथे सोफोरोलिपिडकडे आच्छादनाचे काम येते आणि क्षपणासाठी तीव्र रसायनाची गरज उरतेच. एकाच द्रव्याने केलेल्या दोन निर्मितींपैकी एक अधिक हरित आणि दुसरी कमी हरित असू शकते, हे त्यातून लक्षात येते.

क्षपणाचे हे गणित जस्ताच्या बाबतीत आणखी महत्त्वाचे ठरते. धातूचा आयन इलेक्ट्रॉन घेण्यास किती उत्सुक आहे हे प्रमाण विद्युतविभवाने मोजले जाते; चांदीसाठी ते अधिक ०.८० व्होल्ट, तर जस्तासाठी उणे ०.७६ व्होल्ट आहे. याचा अर्थ असा की, पाण्यातील जस्ताच्या आयनाला धातुरूप देणे शर्करा, प्रथिने किंवा पृष्ठक्रियाकारक यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि सूक्ष्मजीवांपासून मिळविलेले म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते जस्ताचे नॅनोकण वस्तुतः जस्ताच्या ऑक्साइडचे असतात. तेथे सूक्ष्मजीवजन्य द्रव्य क्षपण करीत नाही. ते जस्ताच्या आयनाला धरून ठेवते, द्रावणाचा सामू, म्हणजे आम्लता-विम्लता दर्शविणारा अंक, वाढला की होणाऱ्या अवक्षेपणाला आकार देते, आणि कणांची वाढ आवरते. त्यानंतर अनेक प्रयोगांत हा साका ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला जातो, तेव्हा कणावरील सेंद्रिय आवरण जळून जाते आणि ज्या द्रव्यासाठी एवढा खटाटोप केला त्याचा मागमूसही उरत नाही. म्हणून जस्ताच्या संदर्भात सूक्ष्मजीवांचा सहभाग नेमका कोणत्या पायरीवर आहे आणि शेवटच्या उत्पादनात तो शिल्लक राहतो काय, हे विचारल्याशिवाय कोणत्याही दाव्याचे मोल ठरविता येत नाही.

परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेली गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील भारी काळी जमीन चिकणमातीने समृद्ध, चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असल्याने तिच्यात जस्त व लोह असूनही पिकाला मिळेनासे होते. डीटीपीए या रसायनाने मातीतून निघणारे जस्त किलोमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी भरले की ती जमीन जस्ताच्या दृष्टीने उणी समजली जाते, आणि मराठवाड्यात अशा जमिनींचा प्रश्न मोठा आहे. लोहाअभावी पिवळे पडलेले कोवळे सोयाबीन तर जिल्ह्यातील प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले असते. झिंक सल्फेट टाकले तरी अशा जमिनीत त्यातील पुष्कळसे जस्त लवकरच अविद्राव्य संयुगांत अडकते. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेला 'परभणी शक्ती' हा लोह व जस्ताने समृद्ध ज्वारीचा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला, तोही माणसाच्या आहारातील लोह व जस्ताच्या उणिवेला वाणाच्या बाजूने दिलेले उत्तर आहे. उत्तम आवरण असलेले जस्ताचे कण अन्नद्रव्याच्या बाजूने असेच एखादे उत्तर देऊ शकतील काय, हे तपासण्याजोगे आहे. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत बुरशीच्या साहाय्याने बनविलेल्या झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांचा गवारीवरील परिणाम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात मुळांभोवतालच्या स्फुरद उपलब्ध करणाऱ्या विकरांचे प्रमाण वाढल्याचे नोंदविले गेले. राजस्थानची रेताड जमीन आणि परभणीची चिकण काळी जमीन यांच्या स्वभावात मोठे अंतर असल्याने तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू होतील असे मानता येत नाही. येथील प्रयोग येथेच झाले पाहिजेत.

त्यासाठी लागणारी बरीचशी सामग्री जिल्ह्यात आहे. कृषी विद्यापीठात तयार होणारी द्रवरूप जिवाणू संवर्धके आणि 'बायोमिक्स' हे उपयुक्त बुरशी व जिवाणू यांचे मिश्रण शेतकरी रांगा लावून घेऊन जातात. म्हणजे सूक्ष्मजीव मोठ्या प्रमाणावर वाढविणे, त्यांची शुद्धता राखणे आणि ते बांधापर्यंत पोहोचविणे या तिन्ही गोष्टींची सवय येथे रुजलेली आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकविले जाते. गोदाकाठच्या ऊस पट्ट्यातील कारखान्यांची मळी ही शर्करेचा, आणि सोयाबीनचे तेल हे स्निग्धाम्लांचा स्वस्त स्रोत आहे, आणि सोफोरोलिपिडसारख्या द्रव्याला हेच दोन घटक लागतात. जिल्ह्यापासून फार दूर नसलेल्या लोणारच्या उल्कापाती विवरातील सरोवराचे पाणी तीव्र विम्लधर्मी, सुमारे १० सामूचे, आहे. तेथील विम्लप्रिय सूक्ष्मजीवांचा आगरकर संशोधन संस्थेने दीर्घकाळ अभ्यास केला असून, विम्लधर्मी वातावरणात टिकणाऱ्या बहुशर्करा व विकरे यांचा शोध घेणाऱ्याला तो एक समृद्ध स्रोत आहे. अर्थात लोणार हे अभयारण्य आणि २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असल्याने तेथील नमुने परवानगीनेच आणि अल्प प्रमाणातच घेतले जावेत.

प्रयोगशाळेत या निर्मितीचे दर्शनी रूप अतिशय साधे असते. सूक्ष्मजीव वाढविलेल्या द्रवातून पेशी वेगळ्या करून उरलेला स्वच्छ द्रव किंवा त्यातून काढलेले शुद्ध द्रव्य एका चंबूत घेतले जाते, त्यात लिटरमागे १ मिलीमोल या प्रमाणात सिल्व्हर नायट्रेट मिसळले जाते, आणि काही तासांत फिकट पिवळा द्रव गडद होत तपकिरी बनतो. हा रंग कणांच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित आंदोलनामुळे येतो, आणि वर्णपटमापकावर ४२० नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा दिसला की चांदीचे नॅनोकण तयार झाल्याची पहिली खूण मिळते. परंतु ती पहिलीच खूण असते. यीस्टचा अर्क, पेप्टोन आणि ग्लुकोज असलेले पोषक माध्यम सूक्ष्मजीवांविनाही उजेडात चांदीचे क्षपण करू शकते. म्हणून ज्यात सूक्ष्मजीव मुळीच वाढविलेले नाहीत अशा माध्यमाचा दुसरा चंबू शेजारी ठेवला नाही तर प्रयोगाला अर्थ उरत नाही. माध्यमात मीठ असेल तर सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका पडतो आणि त्याचेच कण नॅनोकण म्हणून मोजले जाण्याचा धोका असतो. पुढे कणांचा स्फटिकप्रकार क्ष-किरण विवर्तनाने, प्रत्यक्ष आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने, आवरणातील रासायनिक गट अवरक्त वर्णपटाने आणि स्थैर्य झीटा विभवाने, म्हणजे कणाभोवतालच्या विद्युतभाराच्या मापाने, तपासले जाते. हे विभव ३० मिलीव्होल्टहून अधिक, धन किंवा ऋण, असल्यास कण एकमेकांना दूर ठेवतात असा सर्वसाधारण अनुभव आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांत यांपैकी महागडी उपकरणे सर्वत्र असणे शक्य नाही, परंतु तुलनेचा चंबू ठेवण्याला उपकरण लागत नाही, शिस्त लागते. आणि ती पाळली तर छोट्या प्रयोगशाळेतील कामही भरवशाचे ठरते.

पर्यावरणस्नेही हे विशेषण अशा निर्मितीला आपोआप लागू होत नाही, ही या ग्रंथाची मुख्य भूमिका आहे. चंबूतील अभिक्रिया पाण्यात आणि सामान्य तापमानाला झाली एवढ्यावरून ती निर्मिती हरित ठरत नाही, कारण माध्यम निर्जंतुक करण्यासाठी दाबपात्रात जाळलेली वीज, द्रव्य शुद्ध करण्यासाठी वापरलेले इथिल अ‍ॅसिटेटसारखे द्रावक, कण धुण्यासाठी लागलेले पाणी, आणि न क्षपिता उरलेली चांदी घेऊन गटारात गेलेले सांडपाणी या सर्वांचा हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब पूर्ण मांडल्यावर काही वेळा सायट्रेटसारखी साधी रासायनिक पद्धतच कमी अपायकारक निघेल, आणि तसे निघाले तर ते मान्य केले पाहिजे. सूक्ष्मजीवजन्य द्रव्यांची खरी बाजू तेथे उजवी ठरते, जेथे त्यांचे आवरण असे काही काम करते की जे साध्या रसायनाला जमत नाही. परभणीतील अनेक गावांत फवारणीचे पाणी बोअरमधून येते आणि त्यात कॅल्शियम, क्लोराइड व बायकार्बोनेट यांचे क्षार भरपूर असतात. अशा पाण्यात केवळ विद्युतभाराच्या आधारावर तरंगणारे कण चटकन गोळा होऊन तळाशी बसतात, तर बहुशर्करेच्या जाड आवरणातील कण एकमेकांजवळ येऊच शकत नसल्याने अधिक काळ विखुरलेले राहण्याची शक्यता असते. उन्हाळ्यात येथील पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे शीतकपाटात सहा महिने टिकलेले द्रावण पत्र्याच्या गोदामात किती टिकते हेही पाहावे लागेल. बोअरचे पाणी आणि वैशाखातले ऊन या दोन कसोट्या कोणत्याही संशोधनपत्रिकेने घातलेल्या नसल्या तरी या जिल्ह्यापुरत्या त्या निर्णायक आहेत.

उत्पादनानंतर येतो तो कणांच्या पुढच्या प्रवासाचा प्रश्न, आणि येथे अधिक सावधपणा हवा. चांदीचे कण रोगजंतूंना मारतात याचाच अर्थ ते उपयुक्त जिवाणूंनाही मारू शकतात. सोयाबीन हे जिल्ह्याचे प्रमुख पीक, आणि त्याच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र पिकाला देणारे ऱ्हायझोबियम वर्गातील जिवाणू हे शेतकऱ्याचे न दिसणारे भांडवल आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ मध्ये सोयाबीनवर केलेल्या प्रयोगात सिरियम ऑक्साइडच्या नॅनोकणांमुळे मुळांवरील गाठींतील नत्रस्थिरीकरण खालावल्याचे, तर झिंक ऑक्साइड दिलेल्या झाडांच्या पानांत व दाण्यांत जस्त साठल्याचे आढळले. जस्ताची उणीव असलेल्या भागात दाण्यात जस्त वाढणे हिताचे ठरू शकते, परंतु ते किती प्रमाणात आणि कोणत्या रूपात वाढते हे कळल्याविना त्याला हित म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये द्रवरूप नॅनो युरिया बाजारात आल्यापासून 'नॅनो' हा शब्द कृषी सेवा केंद्रांच्या फलकांवर पोहोचला आहे आणि त्याच्या परिणामकारकतेविषयी शास्त्रज्ञांत मतभेदही झाले आहेत. अशा वेळी सूक्ष्मजीवजन्य नॅनोकणांचे कामही घाईने बाजारात नेले गेले तर चांगल्या शास्त्राचे नाव खराब होईल. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने नॅनोआधारित कृषी निविष्ठा व अन्नपदार्थ यांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्ये जाहीर झाली असून, या क्षेत्रात उतरणाऱ्या प्रत्येकाने ती आरंभीच वाचणे आवश्यक आहे.

ग्रंथाची मांडणी या विचाराला धरून केलेली आहे. पहिल्या भागात नॅनोकणांचे भौतिक व रासायनिक गुणधर्म आणि क्षपण व आच्छादन यांची तत्त्वे येतात; दुसऱ्या भागात सूक्ष्मजीवजन्य द्रव्यांचे वर्ग, त्यांचे संवर्धन व शुद्धीकरण यांचे विवेचन आहे; तिसरा भाग चांदी, सोने, लोह व जस्त यांच्या निर्मितीच्या पद्धती आणि त्यांच्या तपासणीला वाहिलेला आहे; आणि चौथ्या भागात शेती, आरोग्य व पाणी या क्षेत्रांतील उपयोग त्यांच्या धोक्यांसह मांडलेले आहेत. उपयोग आणि धोके यांची प्रकरणे मुद्दामच वेगळी केलेली नाहीत, कारण ज्या गुणामुळे कण उपयोगी पडतो तोच गुण चुकीच्या जागी अपाय करतो. पारिभाषिक संज्ञा प्रथम येते तेथेच तिचा अर्थ दिलेला आहे, जेणेकरून पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थी, कृषी सहायक आणि जिज्ञासू शेतकरी या तिघांनाही हा ग्रंथ वाचता यावा.

या विषयाकडे मराठी विद्यार्थ्याने दुसऱ्यांनी केलेल्या शोधांचा ग्राहक म्हणून पाहू नये, अशी या ग्रंथामागील इच्छा आहे. पुण्यात व अमरावतीत झालेल्या कामाने हे शास्त्र घडविण्यात महाराष्ट्राचा हात आहे हे सिद्ध केले आहे. मराठवाड्याच्या वाट्याला आता त्याहून कठीण काम येते, ते म्हणजे या कणांना चंबूतून बाहेर काढून चुनखडीच्या काळ्या जमिनीत, क्षारयुक्त पाण्यात आणि ऱ्हायझोबियमच्या गाठींच्या शेजारी ठेवून पारखण्याचे. ज्या कणाने पिकाला जस्त पुरविले, मातीतील जिवाणूंना धक्का लावला नाही आणि ज्याच्या निर्मितीचा हिशेब सांडपाण्यासह चोख निघाला, त्यालाच पर्यावरणस्नेही म्हणावे. आणि एखादा कण या पारखीत नापास झाला तर त्याची नोंदही तितक्याच निष्ठेने प्रसिद्ध करावी, कारण शेतकऱ्याला जेवढी गरज चांगल्या निविष्ठेची आहे, तेवढीच निरुपयोगी निविष्ठेवरचा त्याचा खर्च वाचविणाऱ्या खात्रीच्या माहितीची आहे.